राजधानीचे टीसी

समोरून कुत्रं येताना दिसलं की टीसी काका त्याच्या मालकाकडे बघतसुद्धा नसत. 'काय, कसं काय' नाही, 'आज उकाडा फार' नाही. थेट खाली वाकायचे, दोन बोटांनी कुत्र्याचा कान उलटा करायचे आणि भरदार आवाजात विचारायचे, "पास?" मालक नवा असला तर गांगरायचा. कुत्री मात्र कधी गांगरली नाहीत. एरवी दात दाखवणारी, धिप्पाड कुत्रीदेखील त्यांच्यापुढे कान देऊन निमूट उभी राहायची. कान झाला की गळपट्ट्याखाली बोट, मग काख, मग एकेक पंजा उचलून बोटांच्या बेचक्या. सगळं ठीक असलं तर पाठीवर थाप मारून म्हणायचे, "चल, पुढे हो." ठीक नसलं तर खिशातून चिमटा निघायचा. त्यानंतर ते पहिल्यांदा मालकाकडे बघायचे, आणि ते बघणं काही प्रेमाचं नसायचं.

गोचिडाला ते गोचीड म्हणत नसत. 'विदाउट' म्हणत. तिकीट न काढता गाडीत बसणाऱ्याला मुंबईत विदाउट म्हणतात आणि काकांची सगळी नोकरी असले विदाउट पकडण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर काळा कोट खुंटीला गेला, पण नजर काही खुंटीला लागली नाही. "विदाउट माणूस कधी उजेडात उभा राहत नाही," ते सांगायचे. "जिथे ऊब, जिथे अंधार, जिथे कुणी बघणार नाही, तिथे शिरतो. हे गोचीड काय वेगळे आहेत?" म्हणून ते आधी कानाच्या घडीत बघायचे आणि पाठीकडे सगळ्यात शेवटी वळायचे.

दिंडोशीच्या म्हाडा वसाहतीत आमची दारं समोरासमोर. त्यांचं दार उघडं असलं की माझ्या स्वयंपाकघरातून त्यांचा हॉल दिसायचा, आणि त्यांचं दार कायम उघडंच असायचं. मी विमा कंपनीत नोकरीला, घरात एकटी. कुत्रं पाळणाऱ्यांविषयी माझं मत तेव्हा फारसं बरं नव्हतं. ज्याला माणसं बोलावेनाशी होतात तो कुत्रं पाळतो, असं मी म्हणत असे, आणि एकदा ते मी काकांच्या तोंडावरच म्हणाले. त्यांना राग आला नाही. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले, "टीसीला कोण बोलावतं?"

त्यांनीही कुत्रं काही हौसेनं आणलं नव्हतं. आमच्याच मजल्यावर एक तरुण पंजाबी जोडपं राहायचं. त्यांनी ग्रेहाऊंड जातीची एक मादी घेतली होती. मग दोघांची बदली बंगळूरला झाली. "काका, आठ दिवस सांभाळाल का? घर मिळालं की येऊन नेतो," असं म्हणून तिला काकांच्या हवाली करून ती दोघं गेली. आठ दिवस झाले, गणपती झाले, दिवाळी झाली. आधी फोन उशिरा यायला लागले, मग येईनासे झाले. काकांनी त्या दोघांना कधी नावं ठेवली नाहीत. फक्त दिवाळीनंतर एक दिवस तिचं आधीचं इंग्रजी नाव रद्द केलं आणि 'राजधानी' असं नवं नाव ठेवलं. लाडाचं नाव राजी.

नाव राजधानी आणि चाल यार्डात उभ्या असलेल्या गाडीची. ग्रेहाऊंड ही धावण्यासाठी जन्मलेली जात, असं आपण ऐकून असतो. प्रत्यक्षात ती घरात इतकी झोपते की मांजरानं शरमावं. पण एकदा, एकदाच, मैदानात काकांच्या हातातून पट्टा सुटला आणि पलीकडच्या भिंतीवर मांजर होतं. काकांनी "रा" म्हटलं आणि "जी" म्हणेपर्यंत ती भिंतीशी पोचली होती. मांजर वाचलं. तेव्हापासून त्यांनी तिच्यासाठी रुंद पट्टा करून घेतला. या जातीचं डोकं मानेपेक्षा निमुळतं, साधा पट्टा सरळ डोक्यावरून निसटतो. बाहेर असताना त्या पट्ट्याची दोरी ते मनगटाला दोन वेढे देऊन धरायचे.

तिच्या बरगड्या दिसायच्या. ती त्या जातीची ठेवणच आहे, पण हे आमच्या वसाहतीला कोण सांगणार? वॉचमन तिला गुपचूप बिस्किटं द्यायचा. तळमजल्यावरच्या एका आजींनी काकांना गाठून विचारलं, "पेन्शन पुरत नाही का हो तुम्हाला?" काकांनी शेवटी जिन्यात उभं राहून सगळ्यांना बजावलं, "तिला दोन वेळा भात आणि कोंबडी मिळते, तीही कांदा-लसणाशिवाय. मला स्वतःला इतकं पथ्याचं मिळत नाही. कुणी वडा द्यायचा नाही, कुणी चॉकलेट द्यायचं नाही. जेवल्यावर तिला पळवायचं नाही." लोकांनी माना डोलावल्या आणि बिस्किटं चालू ठेवली.

काका मालवणकडचे. आमच्याशी ते मुंबईचं मराठी बोलत, राजीशी मात्र मालवणी. इंग्रजी जातीची कुत्री, तिला पंजाबी लोकांनी वाढवलेलं, आणि आता ती "हय ये", "थंय बस", "पाय दाखव गो बाय" एवढ्यावर चालत होती. मी विचारलं, तिला हे कळतं कसं? "रागावायला आणि लाड करायला मालवणीच बरी," ते म्हणाले. "दोन्हीत आवाज सारखाच लागतो, कुत्र्याला गोंधळ नको." खरं तर त्यांना रागावताच येत नव्हतं. तिची नखं कापताना ती पाय मागे घेई आणि हेच तिची क्षमा मागत बसत.

काकूंचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता, निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. काकू म्हणजे बुटक्या, गोऱ्या, तोंडानं फटकळ. राजीचा उल्लेख त्या 'तुमची ती' असा करीत. "तुमची ती जेवली नाय", "तुमच्या तिनं पाय पुसूक नाय." तिला त्यांनी कधी हात लावल्याचं मी पाहिलं नव्हतं. बाहेरून आल्यावर तिचे पंजे कोमट पाण्यानं धुवायचं काम काकांचं. बोटाला फडकं गुंडाळून दात घासायचे, तेही काकांनी. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सूचना तेवढ्या देत. एखादा पंजा धुवायचा राहिला तर "मागचा पाय रवलो," एवढं सांगून त्या आत जात.

हॉलमध्ये खिडकीखाली एक लाकडी बाकडं होतं. कुठल्याशा जुन्या स्टेशनच्या वेटिंग रूममधलं, पट्ट्यापट्ट्यांचं, सागवानी. भंगारात निघालं तेव्हा काकांच्या सोबत्यांनी ते विकत घेऊन, पॉलिश करून त्यांना निवृत्तीच्या दिवशी भेट दिलं होतं. काकांचा सगळा मान त्या बाकड्यात होता. पाहुण्यांना ते खुर्ची देत, बाकडं नाही. राजी आल्यावर मात्र त्यावर जाड गादी पडली, कारण ग्रेहाऊंडच्या अंगावर मांस कमी, कठीण जागी झोपून कोपरं सोलपटतात. "हे तिचं रिझर्वेशन," काका सांगत. एकदा त्यांचा सख्खा पुतण्या चुकून तिथे बसला तर त्यालाही उठवलं.

संध्याकाळी, दिवे लागले की तपासणी. काका जमिनीवर सतरंजी टाकून बसायचे, राजी आडवी व्हायची. डोळ्यांवर चष्मा, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात चिमटा, शेजारी स्पिरिटची बाटली. त्या बाटलीचं नाव लॉकअप. ते तिच्या अंगावरून बोटं उलट्या दिशेनं फिरवत जायचे, अगदी सावकाश, आणि कुठे कणभर उंचवटा लागला की थांबायचे. "विदाउटला मानगुटीला धरायचं," मला शिकवत ते म्हणाले, "अगदी कातडीला लागून. आणि सरळ बाहेर. पिळायचं नाही, झटका द्यायचा नाही. झटका दिला की तोंड आत राहतं आणि प्रकरण वाढतं." सापडलेला गोचीड नखानं चिरडायचा नाही, जाळायचा नाही, सरळ लॉकअपमध्ये. मला ते सगळं किळसवाणं वाटायचं आणि तरी मी रोज चहाचा कप घेऊन समोर बसायची.

माझे वडील अकोल्याकडचे. एकदा ते राहायला आले होते, त्यांनी हा कार्यक्रम पाहिला आणि चांगल्या मनानं म्हणाले, "एवढी मेहनत कशाला? आमच्या गावाकडे बैलाला तंबाखूचं पाणी चोळतात. सगळे गोचीड गळून पडतात." काकांनी टॉर्च बंद केला. "दादा, बैलाची कातडी आणि हिची कातडी बघा," असं म्हणून त्यांनी राजीच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून दाखवली. वर्तमानपत्राच्या कागदाइतकी पातळ. "हिला तंबाखू लावला तर गोचीड राहतील आणि ही जाईल." वडिलांना ते पटलं. दोघं मग बैलांवर बोलत बसले, काकांना बैलांची काही माहिती नसताना.

हे सगळं चांगलंच होतं. पण काकांना त्याचा अभिमान झाला होता आणि तो मला दिसत होता. मालाडला एक डॉक्टरीणबाई होत्या, जनावरांच्या. त्या दर वेळी सांगत, काका, दर महिन्याचं औषध चुकवू नका, नुसत्या हातांवर राहू नका. काका औषध आणत, पण देताना हात आखडता घेत. "नाजूक जात आहे, कशाला उगाच औषधांचा मारा," म्हणत. "माझ्या हाताखालून एकही सुटत नाही." मग तरीही रोज दोन-चार विदाउट सापडतात ते येतात कुठून? त्याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. गेटवरची कुत्री. आमच्या गेटवर तीन-चार भटकी कुत्री असत, त्यांचा म्होरक्या एक कान फाटलेला, काळा. काका बाहेर पडताना हातात छत्री घेत, पाऊस असो-नसो, आणि त्या काळ्याला पाहिलं की छत्री उगारत. "हाच तो. हाच माल पुरवतो." काळा बिचारा शेपूट घालून गाडीखाली जायचा.

त्या वर्षी पाऊस सरता सरता राजी आजारी पडली. आधी सकाळची भाताची थाळी तशीच राहिली. काकांना वाटलं, कुणी तरी वडा दिला. दुसऱ्या दिवशी ती बाकड्यावरून उतरायलाच तयार नव्हती. काकांनी तिचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. गुलाबी असतात त्या हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या. अंग तापलेलं. रिक्षात तिला मांडीवर घेऊन ते बसले, मी पुढे ड्रायव्हरशेजारी टेकून त्याला रस्ता सांगत होते. एवढी लांबलचक कुत्री त्या माणसाच्या मांडीत मावत नव्हती, तिचे पाय माझ्या पाठीला लागत होते.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. गोचिडाचा ताप. रक्तातल्या पेशी फार उतरल्या होत्या. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, गोळ्यांचा लांबलचक कोर्स लिहून दिला आणि स्पष्ट सांगितलं, "पुढचे काही दिवस काही सांगता येत नाही." काका म्हणाले, "पण मॅडम, मी रोज तपासतो. एकही सोडत नाही. ही गेटवरची कुत्री..." त्यांनी काकांना पुरतं बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, "काका, गोचीड कुत्र्यावर फक्त जेवायला येतो. राहतो घरात. अंडीही घरातच घालतो. तुमच्या घरात कुठे तरी त्यांची वस्ती आहे, ती शोधा." काकांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. परत येताना रिक्षातून ते गेटवरच्या काळ्याकडे फार वाईट नजरेनं बघत होते.

वस्ती सापडली ती काकूंना. दुसऱ्या दिवशी राजीला सलाईनसाठी दवाखान्यात ठेवलं होतं, काका नुकतेच घरी आले होते आणि मी त्यांच्यासाठी पोहे घेऊन गेले होते. काकू केर काढत होत्या. केर काढता काढता त्या थांबल्या आणि झाडूनं भिंतीकडे दाखवून शांतपणे म्हणाल्या, "तुमचो विदाउट बघा खंयसून चढता तो." भिंतीवरून एक बारीक तपकिरी ठिपका वर चालला होता. त्याच्या खाली आणखी एक. आणि त्याच्या खाली बाकडं.

काकांनी गादी उचलली. सुरीचं पातं दोन पट्ट्यांच्या फटीत घालून ओढलं, आणि जे बाहेर आलं ते मी इथे लिहीत नाही. पट्ट्यांच्या फटी, पायांचे सांधे, पाठीमागची खाच, सगळं भरलं होतं. जिथे ऊब, जिथे अंधार, जिथे कुणी बघणार नाही. हे त्यांचंच वाक्य मला आठवलं, त्यांनाही आठवलं असणार. जन्मभर त्यांनी माणसं तपासली होती. ज्या बाकड्यावर माणसं बसतात ते तपासायची वेळ नोकरीत कधी आली नव्हती. हातात सुरी तशीच धरून ते जमिनीवर बसले आणि म्हणाले, "मीच झोपवत होतो गो तिला त्यांच्यात. रोज तपासून, साफ करून परत तिथेच झोपवत होतो." मी नुसती त्यांच्या बाजूला बसून राहिले.

त्या दुपारी त्यांनी बाकडं गच्चीवर नेलं, उकळतं पाणी ओतलं, स्क्रू काढून पट्टी पट्टी सुटी केली आणि कचऱ्याच्या गाडीत स्वतः टाकून आले. कुणाला हात लावू दिला नाही. मग औषध फवारणारा माणूस आला. फवारणीनंतर घर बंद ठेवायचं होतं, म्हणून काका-काकू आणि दवाखान्यातून आलेली राजी माझ्याकडे राहायला आली. ती माझ्या सोफ्यावर झोपली. कुत्रं घरात येऊ देणार नाही, असं आयुष्यभर सांगत आलेली मी तिच्या अंगावर माझी शाल घालत होते. ती पापण्या अर्धवट उघडून बघायची आणि पुन्हा मिटायची. काका खालीच बसून राहायचे. "माझा चुकला गो," एवढंच अधूनमधून तिला म्हणायचे.

ती वाचली. हे मी आधी सांगून टाकते, कारण ते कळेपर्यंतचे दिवस आम्हाला फार जड गेले. ज्या सकाळी तिनं माझ्या हातातल्या वाटीतला भात हुंगला आणि थोडा खाल्ला, त्या सकाळी मी ऑफिसला उशिरा गेले. पण काकांना आनंद झालेला दिसेना. हिरड्यांना गुलाबी रंग चढत होता तसतसे काका गप्प होत होते. मग एका संध्याकाळी कळलं की त्यांनी वसईच्या एका जुन्या सोबत्याला फोन केला होता. त्याची तिथे वाडी, मोठं कुंपण, घरात तरुण माणसं. तो राजीला न्यायला रविवारी येणार होता.

रविवारी सकाळी मी गेले तेव्हा राजीचा पट्टा, थाळी, औषधं एका पिशवीत भरून दाराशी ठेवलेली होती. काका म्हणाले, "माझी नजर गेली सुजाता. जो आपल्या घरातलं बघू शकत नाही त्यानं दुसऱ्याचा जीव सांभाळू नये. तिकडे ती सुखात राहील." मी काही तरी समजूत घालायला लागले, तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. पदराला हात पुसत त्यांनी विचारलं, "काय हो, नोकरीत कधी चुकीच्या माणसाक धरलात काय?"

काका म्हणाले, "धरलंय. बरेचदा."

"मगे नोकरी सोडलात? दुसऱ्या दिवशी कोट घालून गेलातच ना?" एवढं बोलून काकूंनी पिशवी उचलली, आतली थाळी काढली आणि त्यात दूधभात कालवून राजीपुढे ठेवला. थाळी रिकामी झाल्यावर काकांनी उठून वसईच्या सोबत्याला फोन लावला आणि माफी मागितली. तो माणूस अर्ध्या वाटेवर आला होता. त्यालाही मग जेवायला बोलावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काका छत्रीशिवाय खाली उतरले. काळा त्यांना पाहून सवयीनं गाडीखाली गेला. काका रस्त्यावर उकिडवे बसले आणि त्याला बिस्किटं दाखवत राहिले. वॉचमन, दूधवाला, शाळेची मुलं, सगळे बघत होते. काळा काही त्या दिवशी बाहेर आला नाही, तो यायला आठवडा लागला. पण पुढे डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्यानं गेटवरच्या सगळ्या कुत्र्यांना गोचिडाचं औषध सुरू झालं, आणि ते द्यायला काकाच जायचे. मी चिडवलं, दंड परत केलात वाटतं? ते म्हणाले, "रेल्वेत तशी सोय नव्हती. इथे आहे."

त्या थंडीत आणखी एक गोष्ट झाली. आरेच्या जंगलाच्या बाजूनं आमच्याकडे पहाटे चांगला गारठा येतो आणि ग्रेहाऊंडला थंडी सोसत नाही. एक दिवस राजी काळ्या कोटात जिना उतरताना दिसली. खुंटीवरचा तो टीसीचा कोट काकूंनी उसवून, कापून, तिच्या मापाचा शिवला होता. बटणं पोटाखाली. मी काकूंकडे पाहिलं. "खुंटी अडली होती," त्या म्हणाल्या. संध्याकाळच्या तपासणीतही आता बदल झाला होता. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, म्हणून टॉर्च काकू धरायच्या. काका बोटांनी शोधायचे आणि काकू सांगायच्या, "तीळ आसा तो, विदाउट न्हय." महिन्याचं औषध आता कॅलेंडरवर खूण करून, न चुकता. घरातल्या फटी, दाराच्या चौकटी, पंख्यामागची भिंत, तेही सगळं आठवड्याला तपासलं जाई. राजीला त्या तापाचा त्रास पुन्हा झाला नाही.

काका गेले ते गेल्या वर्षी, झोपेत, कुणाला काही त्रास न देता. सकाळी राजी त्यांच्या पायाशी होती. आलेल्या माणसांत वसाहतीतले सगळे कुत्रेवाले होते, काहींनी कुत्रीही आणली होती, आणि कुणालाही त्यात गैर वाटलं नाही. मला स्वतःला फार रडू आलं. समोरचं दार उघडं आणि आत ते नाहीत, याची सवय व्हायला मला काकूंपेक्षा जास्त दिवस लागले असावेत.

दिवसपाणी झाल्यावर पुतण्यानं विषय काढला. काकू, आता तुम्ही एकट्या, गुडघे दुखतात, हे मोठं जनावर तुम्हाला झेपणार नाही, एखादं चांगलं घर बघतो. तो काही वाईट बोलत नव्हता. काकू सतरंजीवर बसल्या होत्या, राजीचं डोकं मांडीवर. टॉर्च लावून त्यांनी तिच्या पायाची बेचकी फाकवली, नीट बघितली, मग दुसरी. असे चारही पाय झाले. शेवटी म्हणाल्या, "चाय घेतलंस काय?" आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

राजी आता म्हातारी झाली आहे. तोंडावरचे केस पांढरे, जिना उतरताना दोनदा विचार करते. काकू तिला घेऊन रोज सकाळी मैदानात जातात, नऊवारी सोडून केव्हाच पाचवारीत आलेल्या आणि आता पायात पुतण्यानं आणलेले स्पोर्ट्स शूज. मी जमेल तेव्हा बरोबर जाते. राजीपेक्षा काकूंची चाल धीमी, म्हणून ती थांबून त्यांची वाट बघते.

परवा मैदानात एक नवा मुलगा दिसला, कॉलेजातला असेल, हातात गुबगुबीत पिल्लू. काकू चालता चालता थांबल्या. मुलाकडे त्यांनी पाहिलंच नाही. वाकताना गुडघ्यावर हात टेकला, दोन बोटांनी पिल्लाचा कान उलटा केला आणि डोळे बारीक करून आत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कान कोण बघता रे हेचे?"

मुलगा गोंधळला. "आजी, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाय रे बाबा," काकू म्हणाल्या, "आमचे हे टीसी होते." आणि त्यांनी पिल्लाचा दुसरा कान उलटला.